राहिलेला काना

चंद्रपूरच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. ते म्हणाले, "दुर्गेबाई, तुम्ही एकतीस वर्षं पोलिसात काढली. चंद्रपूर, गडचिरोली दोन्ही जिल्हे पाहिले. काहीतरी थरारक लिहा ना. खून, दरोडा, जंगलातली चकमक, काहीही चालेल."

मी म्हटलं, "मी अपघाताच्या टेबलावर होते."

मग ते म्हणाले, "बरं. बघा, त्यातूनही काही निघालं तर."

खून झाला की गाव गोळा होतं, पेपरवाले येतात, साहेबांची झोप उडते. रस्त्यावर माणूस मेला की पहिला हुकूम सुटतो तो रस्ता मोकळा करण्याचा. आपल्या देशात खुनात जितके मरतात त्याच्या कितीतरी पट रस्त्यावर मरतात, दर वर्षी दीड लाखाच्या वर. पण थरारक लेख त्यांच्यावर कोणी मागत नाही. माझी तक्रार नाही. एवढंच सांगायचं की या दीड लाखांची यादी दिल्लीत बसून कोणी करत नाही. ती माझ्यासारख्या माणसांच्या टेबलावर, डाव्या हाताला चहाचा कप ठेवून तयार होते.

हे टेबल माझ्याकडे आलं ते अक्षरामुळे. माझे वडील राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत होते. घरात बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पुस्तकांची फळी आणि त्या फळीसमोर आम्ही भावंडं रोज संध्याकाळी शुद्धलेखनाला बसलेली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की वडील पूर्ण पान पुन्हा लिहायला लावत. "आपल्या लिवन्यावर कोनी बोट ठेवलं नाई पाह्यजे," असं ते स्वतःच्या बोलीत म्हणत. पुढे मी पोलिसात भरती झाले तेव्हा ठाण्यातल्या जुन्या हवालदारांना बाई माणसाचं काय करावं ते कळेना. एकाने माझं अक्षर पाहिलं आणि मला रायटर करून टाकलं. रायटर म्हणजे ठाण्यातला लिहिणारा. बाकीचे धावतात, तो लिहितो. मला अपघाताचे कागद दिले, कारण ते कोणालाच नको होते.

काम काय ते सांगते. अपघात झाला की कोणीतरी फोन करतं. आमची गाडी जाते, टेप धरून अंतरं मोजतात, पंचनामा होतो, जागेचा नकाशा काढला जातो. शहरात नकाशा सोपा असतो: चौक, बँक, पेट्रोल पंप. आमच्या जंगलातल्या रस्त्यावर खूण म्हणून धरायला झाडाशिवाय काही नसतं. "मोहाच्या झाडापासून पूर्वेस बारा पावले" असं मी एका नकाशावर लिहिलं होतं. प्रकरण कोर्टात उभं राहीपर्यंत रस्ता रुंद झाला आणि मोह गेला. वकील मला विचारतो, ते झाड कुठे आहे? मी म्हटलं, कुणाच्या तरी चुलीत. न्यायाधीश हसले, म्हणून निभावलं.

मग दवाखान्याची चिठ्ठी येते, जबाब होतात. जबाबाला आमच्याकडे बयाण म्हणतात. शेवटी एक तक्ता भरायचा. प्राणांतिक, गंभीर जखमी, किरकोळ जखमी, विनादुखापत असे त्याचे रकाने. महिना संपला की तो जिल्ह्याला जातो, जिल्ह्याचा राज्याला, राज्याचा दिल्लीला. तिथे वर्षाचं एक पुस्तक निघतं आणि त्यावरून पेपरात बातमी येते, गेल्या वर्षीपेक्षा इतके टक्के जास्त. एका प्रशिक्षणात ते पुस्तक मी हातात घेऊन पाहिलं होतं. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख. रेष वर चढत जाते, टाळेबंदीच्या वर्षी एकदम खाली येते आणि पुन्हा चढते. ती खाली आलेली जागा पाहून मला माझ्या टेबलाचा खण आठवला. टाळेबंदीत मी तो पहिल्यांदा रिकामा करून पुसला होता.

त्याच पुस्तकात अपघातांची कारणं होती. सगळ्यात मोठा तुकडा अतिवेगाचा. व्याख्यान देणारे साहेब म्हणाले, "यावरून काय दिसतं?" वर्गातल्या आम्ही सगळ्या रायटर लोकांनी माना खाली घातल्या. कारण काय दिसतं ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं. कारणाचा रकाना मोकळा सोडता येत नाही. खड्डा लिहिला की पत्रव्यवहार वाढतो, गुरं लिहिली की गुराच्या मालकाला शोधा, कारण माहीत नाही असं लिहिलं की तक्ता परत येतो. अतिवेग लिहिला की कोणी काही विचारत नाही. ज्या रस्त्यावर बैलगाडीसुद्धा जपून न्यावी लागते तिथल्या अपघातालाही मी अतिवेग लिहिलेलं आहे. देशाच्या अतिवेगात थोडा वेग माझ्या पेनचाही आहे.

गंभीर आणि किरकोळ यांचंही तसंच. बाहेरच्या माणसाला वाटतं गंभीर म्हणजे जो मरता मरता वाचला तो. कायद्यात तसं नाही. हाड मोडलं की गंभीर. दात पडला तरी गंभीर. अंग काळंनिळं होऊन माणूस चार दिवस कण्हत पडला, पण हाड शाबूत, तर बहुतेक वेळा किरकोळ.

राजुऱ्याला असताना बापूराव झाडे नावाचे एक म्हातारे या कायद्यात सापडले. वळणावर ऑटो उलटला, आत सहा माणसं, सगळी कपडे झटकत उठली. बापूरावांचा पुढचा दात मात्र हातात आला. मी विचारलं, "दात या अपघातात पडला ना?"

"आता काय सांगू बाई," ते म्हणाले. "हालून तं दोन वर्सांपासून राह्यला होता. पोळ्याले पडन, दिवाळीले पडन, असं घरचे म्हनत होते. ऑटोनं टाइम साधला."

मी त्यांना सांगितलं की तुम्ही गंभीर जखमी आहात आणि ऑटोवाल्यावर त्याप्रमाणे गुन्हा लागेल. म्हातारे हादरलेच. ऑटोवाला त्यांच्या शेजारचा, रोज त्यांना चौकात सोडून देणारा. दुसऱ्या दिवशी ते चुन्याच्या डबीत दात घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझ्या टेबलावर डबी उघडून म्हणायचे, "हे मूळ पाहा. जीव हाय का यात? दात ऑटोनं पाडला नाई, बाई. तो आपल्यानं पडला. तुम्ही शिकेल हा, तुमाले पडला अन् पाडला समजत नाई का?"

शेवटी डॉक्टरांनीच दात आधीपासून निकामी असल्याचं लिहून दिलं आणि बापूराव किरकोळ झाले. जाताना हात जोडून हसले, ती फट दाखवत. मी ही गोष्ट सांगून पुढे कितीतरी जणांना हसवलं. पडला आणि पाडला यांत लिहिताना फक्त एका कान्याचा फरक आहे, हे मला एका दातामुळे कळलं असं म्हणायची. कळलं नव्हतं, हे नंतर कळलं.

आता जे सांगणार आहे ते दुलसा नरोटेचं. तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात होते. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण चूक ठाण्याची नव्हती, माझी होती.

दुलसा जंगलातल्या एका माडिया गावचा. थोडी धानाची शेती, बाकी मोह, तेंदू, बांबू. मुलचेऱ्याकडच्या आठवडी बाजारातून बायकोला मागे बसवून मोटारसायकलवर घरी चालला होता आणि एका पुलाजवळ रस्त्यावर पडलेला सापडला. डोक्याला मार. मी दवाखान्यात पोचले तेव्हा भर दुपार होती. त्याला आत खाटेवर घेतलं होतं. बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून त्याची बायको मैनी बसली होती, उजवा हात पदराखाली. शेजारी निमाई मंडल उभा होता, जवळच्या बंगाली निर्वासितांच्या गावातला, बाजारात मासे विकणारा. त्यानेच एका रिकाम्या पिकअपला हात दाखवून दोघांना दवाखान्यात आणलं होतं.

निमाईला मी विचारलं, काय झालं? तो त्याच्या हिंदीत म्हणाला, "गाड़ी मारा, गिर गया।" मी लिहिलं, पडलेला दिसला म्हणून दवाखान्यात आणला.

मग मैनीकडे वळले. तिचं मराठी तुटक. घरात माडिया बोलायची, मराठी बाजारापुरतं.

"कसं झालं सांग," मी म्हटलं.

"टरक आला. पडला."

"ट्रक आला, मग काय झालं?"

"पडला."

"म्हणजे ट्रक बघून घाबरला का?"

तिने मान हलवली.

आमच्या इकडे हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. माणूस अपघातात सापडला की लोक म्हणतात, "तो पडला जी." ट्रकने उडवलं तरी पडला, रानडुक्कर आडवं आलं तरी पडला, दारू पिऊन नालीत गेला तरी पडला. कोणाचं नाव घ्यावं लागत नाही, साक्ष द्यावी लागत नाही, कोर्टाच्या खेपा नाहीत. दवाखान्यातही चिठ्ठीवर तेच उतरतं, गाडीवरून पडून. कितीतरी चिठ्ठ्या तर आमच्यापर्यंत येतही नाहीत, कारण पडणं हा काही अपघात नव्हे. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी त्या दोन तुटक वाक्यांच्या मधली जागा स्वतःच्या मनाने भरली.

मी लिहिलं: "समोरून भरधाव ट्रक येत असल्याचे पाहून माझे पती गांगरले व मोटारसायकलवरील ताबा सुटून स्वतः खाली पडले." वाक्य सुरेख झालं होतं. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नव्हतं. मी ते तिला वाचून दाखवलं. तिने पुन्हा मान हलवली. पोलीस बाईने इतकं मोठं वाक्य म्हटल्यावर ती दुसरं काय करणार होती? तिने डावा हात पुढे केला, मी अंगठा घेतला. उजवा हात तिने शेवटपर्यंत पदराबाहेर काढला नाही. मला वाटलं, लाजते आहे.

तक्त्यात दुलसा गंभीर जखमी झाला. कारण, अतिवेग. आणि दुसऱ्या कोणाची चूक नसल्यामुळे आमच्या कागदी भाषेत तो "स्वतःच्या दुखापतीस स्वतः कारणीभूत" ठरला, म्हणजे जखमीही तोच आणि आरोपीही तोच. बाहेरच्यांना हे ऐकून हसू येतं. आम्हाला सवय असते.

डॉक्टरांनी त्याला नागपूरला न्यायला सांगितलं. भाऊबंद आले, आपसांत बोलले आणि त्याला गावी घेऊन गेले. हेही नवीन नाही. इतक्या लांबच्या शहरात, आपली बोली कोणाला कळत नाही अशा ठिकाणी माणूस ठेवायला लोक तयार होत नाहीत. कागदावर लिहिलं जातं, स्वतःच्या जबाबदारीवर नेले. त्यानंतर तो माणूस आमच्या दृष्टीने जखमीच राहतो, कोणी येऊन वेगळं सांगेपर्यंत.

त्या महिन्यात आमच्या हद्दीत प्राणांतिक अपघात एकही नव्हता. वरून कौतुकाचं पत्र आलं. साहेबांनी ते फ्रेम करून लावलं आणि मला पेढा दिला. मी खाल्लाही.

काही आठवड्यांनी दुलसाच्या नावाने नोटीस निघाली. आरोपीने ठाण्यात हजर राहावे, अशी. मजकूर माझाच. शिपाई गावच्या वेशीवरच कोणाच्या तरी हातात देऊन आला. आणि तीन दिवसांनी मैनी ती नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून माझ्या टेबलासमोर उभी राहिली. अर्धा रस्ता पायी, अर्धा एसटीने आली होती.

"हे कोनी लिवलं?"

"मी."

"माया मानसाले बोलावलं. तो येऊ शकत नाई."

"अजून बरं नाही का त्याला?"

"मेला."

मी पेन खाली ठेवलं. "कधी?"

तारीख तिला सांगता येईना. तिने एकेक बोट दुमडलं. "बाजाराच्या दिवशी पडला. मंग पाच बाजार झाले. पाचव्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजलं. दर आठवड्याला एक बाजार. पाच बाजार म्हणजे पस्तीस दिवस, आणि वर एक. छत्तीस.

इथे एक नियम सांगावा लागेल. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत माणूस मेला तर तो देशाच्या आकड्यात अपघातात मेलेला. एकतिसाव्या दिवसापासून पुढे तो कसाही मेला तरी जखमीच. कुठेतरी रेघ ओढायला हवी म्हणून ती तिथे ओढलेली आहे. चौथ्या आणि पाचव्या बाजाराच्या मध्ये ती रेघ होती. दुलसाने ती ओलांडली होती.

मैनी म्हणाली, "गुरुजीनं वाचून सांगतलं. यात आरोपी लिवला हाय म्हने. आरोपी म्हंजे चोर ना?"

"चोर नाही, बाई. ज्याची चूक असते तो."

"त्याची चूक नोती. टरकानं मारला. मी मांगं बसून होती. गावचे लोक आता म्हनतात, पोलिसाच्या कागदात हाय म्हंजे पिऊन असन. तो पिऊन नोता. बाजारात तेल अन् मीठ घेतलं अन् निंगालो आमी. तुमाले सांगतलं ना मी."

"तुम्ही म्हणालात, पडला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी अगदीच बिनडोक बोलले आहे, असं. मग म्हणाली, "टरक आला, पडला. आनखी कसा पडन?"

तिच्या बोलण्यात सगळं होतं. दोन वाक्यं, एकामागे एक, जशी झाली तशी. मधे घाबरणं, गांगरणं, ताबा सुटणं घातलं ते मी. बापूरावांच्या दातासाठी तीन दिवस काथ्याकूट केली आणि एका माणसासाठी पाच मिनिटं थांबले नाही.

मी फाइल काढली. दुसऱ्याच पानावर मोटारसायकलचा पंचनामा होता, माझ्याच अक्षरात: "मागील मडगार्ड आत वाकलेले, मागील दिवा फुटलेला." आणि पुढच्या पानावर, त्याच शाईत, समोरून येणारा भरधाव ट्रक. दोन्ही पानं मीच लिहिली होती, दोन्हींवर साहेबांची सही होती. कोणी बोट ठेवलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला मी साध्या साडीत निमाईकडे गेले. तो बर्फावर मासे मांडत होता. मी विचारलं, तेव्हा सगळं का नाही सांगितलं? त्याने हातातला सुरा खाली ठेवला.

"दीदी, हम तो बोला था। गाड़ी मारा, गिर गया। पीछे से मारा। आप लिखा, गिर गया।"

"मग थांबवायचं ना मला."

"आप पुलिस। आप लिखता है तो ठीक ही लिखता होगा।"

ट्रकचा नंबर त्याने पाहिला नव्हता. म्हणाला, मी माणसाकडे बघत होतो, गाडीकडे बघायला वेळ कुठे होता? हेही बरोबरच होतं. मी त्याचं बयाण तिथेच, मासळीच्या टोपलीवर पाटी ठेवून, पुन्हा घेतलं. दोन्ही वाक्यं लिहिली, तो बोलला त्याच क्रमाने.

साहेबांना हे पटायला वेळ लागला. माणूस वाईट नव्हता. "दुर्गेबाई," ते म्हणाले, "मिटलेलं प्रकरण आहे. अज्ञात वाहन लिहिलं की तपास उघडा राहतो. ट्रक सापडणार आहे का?"

"नाही सापडणार, सर."

"मग कशासाठी?"

मी त्यांच्यापुढे पंचनाम्याचं पान आणि बयाणाचं पान शेजारी शेजारी ठेवलं. त्यांनी दोन्ही वाचली, चष्मा काढून पुसला आणि दुरुस्तीवर सही केली. आरोपीच्या जागी अज्ञात ट्रकचालक आला. दुलसा नरोटे हे नाव तिथून निघालं. मृत्यूचं कलम लागलं. गुन्ह्याच्या कागदाला तीस दिवसांची आडकाठी नाही. ती फक्त तक्त्याला. तक्त्यात तो जखमी होता तसाच राहिला. मी वर फोन करून विचारलं, लेखी विचारलं. उत्तर आलं, नियमाप्रमाणे करावे.

मैनीला मी नव्या बयाणासाठी बोलावलं. या वेळी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. ती बोलेल ते आणि तेवढंच लिहायचं असं मी ठरवलं होतं आणि सांगते, एकतीस वर्षांत इतकं अवघड काम दुसरं केलं नाही. पेन सारखं पुढे धावायचं. तिने चहाची बशी उजव्या हाताने उचलली, आणि मी प्रथमच तो हात पाहिला. मनगट वाकडं होऊन जुळलेलं होतं.

"हे कधी झालं?"

"तवाच. मी बी पडली ना."

"दवाखान्यात का नाही दाखवलंत?"

"तो आत होता," ती म्हणाली. "माया हात पाहाले कोनाले टाइम होता?"

एक जखमी माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली होती आणि मी तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेऊन, ती लाजते आहे असं समजून, उठून आले होते. याची मला आजही लाज वाटते. तिला मी स्वतः दवाखान्यात नेलं. फोटोत हाड मोडून जुळल्याचं दिसलं. हाड म्हणजे गंभीर. मरणाऱ्याला मुदत आहे, जखमीला नाही, आणि वर्ष अजून संपायचं होतं. मी पुरवणी तक्ता पाठवला. आमच्या हद्दीतल्या गंभीर जखमींत एकाची भर पडली. जिल्ह्यातून फोन आला, जखमी वाढले कसे? मी म्हटलं, वाढले नाहीत, सापडले.

आता मी निवृत्त आहे. हल्ली म्हणे सगळं मोबाईलमध्ये भरतात, जागेचा फोटो, नकाशा, सगळं आपोआप. मोहाचं झाड शोधावं लागत नाही. चांगलंच आहे. पण कारणाचा रकाना तिथेही मोकळा सोडता येत नसेल, असा माझा अंदाज. बातमी आली की मी वाचते, मृत इतके, जखमी इतके, टक्का वर किंवा खाली. तज्ज्ञ लोक त्या रेषेवरून पुष्कळ काही सांगतात. मला त्यातलं एकच ठिकाण नक्की माहीत आहे.

ते मैनीला दवाखान्यातून परत आणलं त्या दिवशीचं. मैनीचं नवं बयाण पूर्ण झालं तेव्हा मी ते तिला सावकाश वाचून दाखवलं. "मागून ट्रक आला. ट्रकने माझ्या नवऱ्याला पाडला. मीही पडले." पाडला या शब्दावर मी बोट ठेवून तो काना तिला दाखवला. ती वाचू शकत नव्हती, पण तिने त्या उभ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"आता आरोपी नाई ना तो?"

"नाही."

"अन् तो दिल्लीचा कागद? त्यात मेला हाय का?"

खोटं सांगता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "त्यात तो जखमीच राहणार. मला ते बदलता येत नाही."

"अन् मी?"

"तुमचं नाव आता घातलं. तुम्हीही जखमी."

तिने थोडा विचार केला. "एकाच खान्यात?"

"हो. एकाच."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. तिची परतीची गाडी होती. तिने नोटिशीची ती प्लास्टिकची पिशवी रिकामी करून घडी घातली आणि वाकड्या हाताने कमरेला खोचली.

"मंग राहू द्या," ती म्हणाली, आणि गेली.